चलान आले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही

आमच्या खात्याचा माणूस गावात आला की बोलणे बियाण्याचे, खताचे, फवारणीचे. पण अलीकडे कुठल्याही गावबैठकीला गेलो की शेवटचा प्रश्न भलताच निघतो. बैठक उठता उठता कुणीतरी खिशातून मोबाइल काढतो आणि म्हणतो, "साहेब, दंडाचा मेसेज आलाय. गाडी तर घरीच होती. आता भरायचा का सोडून द्यायचा?" कापसावरच्या बोंडअळीचे उत्तर लगेच देता येते, याचे देता येत नाही. म्हणून मोटार वाहन कायदा, त्यातली कलमे आणि न्यायालयाचे काही निकाल वाचून काढले. शेतकऱ्याच्या उपयोगाचे जे सापडले ते इथे मांडतो. वकिलाची जागा हा लेख घेणार नाही. पण वकिलाकडे जायचे की नाही, एवढे यावरून ठरवता यावे.

आधी हे सगळे अचानक कुठून आले ते पाहू. मोटार वाहन कायदा जुनाच आहे, १९८८ चा. १ जुलै १९८९ पासून तो लागू आहे. तेव्हाचे दंड शे-दोनशे रुपयांचे, आणि दंड करणारा शिपाई तालुक्याच्या चौकात उभा. गावातली गाडी गावात फिरली तर तिला कोण विचारतो? संसदेने २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा पाचपट, दहापट झाल्या. महाराष्ट्राने त्या लगेच लावल्या नाहीत. आपल्या राज्याने डिसेंबर २०२१ मध्ये नवे दर काढले. त्याच काळात कागदी पावती पुस्तक गेले आणि शिपायाच्या हातात यंत्र आले, महामार्गावर कॅमेरे आले. दंड वाढला आणि पकडणाराही वाढला. मात्र गावातल्या गाड्यांची कागदपत्रे १९९५ सालीच राहिली. खरी अडचण तिथे आहे.

दंड वेगळा, तडजोड वेगळी

पुष्कळ जणांची समजूत अशी की चलान आले म्हणजे शिक्षा झाली, आता फक्त पैसे भरायचे राहिले. तसे नाही. चलान म्हणजे पोलिसाने किंवा परिवहन अधिकाऱ्याने केलेला आरोप. शिक्षा करण्याचा अधिकार न्यायालयाचा. कायद्याच्या कलम २०० मध्ये एक सोय ठेवली आहे. ठरावीक किरकोळ गुन्ह्यांत ठरावीक रक्कम भरून प्रकरण न्यायालयात न नेता तिथेच मिटवता येते. याला तडजोड शुल्क म्हणतात. आपण ज्याला 'दंड भरला' म्हणतो तो बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. तडजोड करायची की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. नको असेल तर प्रकरण न्यायालयात जाते आणि तिथे तुमची बाजू मांडता येते.

कायद्यात लिहिलेला दंड आणि राज्याने ठरवलेली तडजोडीची रक्कम यांत फरक असू शकतो. हेल्मेटचेच बघा. कायद्याचे कलम १९४-ड एक हजार रुपये सांगते, पण राज्याच्या २०२१ च्या दरात ते पाचशे धरले. म्हणून कुणी मोबाइलवर आलेला दिल्लीचा तक्ता दाखवून घाबरवत असेल, तर तो आपल्याकडे जसाच्या तसा लागू आहे असे समजू नका. उलट बाजूनेही सावध राहा. हेल्मेटच्या त्याच कलमात तीन महिने लायसन निलंबित करण्याची तरतूद आहे, तिच्याविषयी कुणी बोलत नाही.

आणखी एक गोष्ट २०१९ च्या दुरुस्तीत आली आहे, ती फार थोड्यांना माहीत आहे. तडजोड करून पैसे भरले तरी तो गुन्हा 'पहिला गुन्हा' म्हणून धरला जातो. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी दोन हजार, दुसऱ्या वेळी चार हजार. दोन हजार भरून मोकळे झालो, असे वाटत असेल तर पुढच्या वेळी हिशेब तिथून सुरू होतो. म्हणून न केलेल्या गुन्ह्याचे पैसे 'जाऊ दे, कटकट नको' म्हणून भरणे हा शहाणपणा नव्हे.

मग गाडी घरी असताना चलान आले तर काय करावे? प्रथम चलानासोबतचा फोटो उघडून बघा. २०२१ साली केंद्राने नियमावलीत कॅमेऱ्याच्या चलानासाठी नियम १६७-अ घातला. गुन्हा दाखवणारा स्पष्ट फोटो, गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो, यंत्राने घेतलेले माप, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणते कलम मोडले, हे सगळे चलानात असले पाहिजे असे त्यात सांगितले. फोटोत मोटारसायकल आणि नंबर तुमच्या ट्रॅक्टरचा, असले प्रकार घडतात. ३ चा ८ वाचला जातो, किंवा कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरत असतो. त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. आरसी बुकाची प्रत आणि तुमच्या गाडीचा नंबरासह फोटो जोडून तक्रार करा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. नंबर दुसऱ्याने लावल्याचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर ही पोचच उपयोगी पडेल.

अर्ज लिहिताना आपल्याकडे एक सवय आहे. 'मी गरीब शेतकरी असून दंड माफ करावा ही विनंती.' असे लिहू नका. माफी मागणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. 'सदर फोटोतील वाहन माझे नाही, माझे वाहन अमुक प्रकारचे आहे' एवढे दोन ओळींत लिहा. दुष्काळाच्या अर्जाची भाषा इथे चालत नाही.

जुन्या चलानांचा प्रश्न वेगळा आहे. तीन-चार वर्षांपूर्वीची चलाने एकदम दिसतात आणि रक्कम दहा-पंधरा हजारांवर जाते. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी अशी मुदत फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात पूर्वीपासून आहे आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ५१४ मध्ये ती कायम आहे. ज्या गुन्ह्याला कैदेचीही तरतूद आहे त्याला ही सहा महिन्यांची मुदत लागत नाही, तिथे ती जास्त आहे. शिवाय योग्य कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. हा मुद्दा न्यायालयात मांडायचा असतो. रस्त्यावर हवालदाराशी यावरून वाद घालून काही मिळत नाही, झाला तर दुसरा गुन्हा होतो.

थकलेल्या चलानांसाठी लोकअदालतीची नोटीस येते. नोटीस आली म्हणजे अटक होणार, असे समजून काही जण गाव सोडून पाहुण्याकडे जाऊन बसल्याचे ऐकले. हसू येते आणि वाईटही वाटते. लोकअदालत ही समजुतीची जागा आहे. पटले तर मिटवावे, न पटले तर प्रकरण नेहमीच्या न्यायालयात चालते. मात्र तिथे एकदा तडजोड केली की तो निवाडा पक्का, त्यावर अपील नाही. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते आणि तारीख तालुका न्यायालयात आधीच लागते. तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना वकील फुकट मिळतो. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

आणि एक खबरदारी. चलानाच्या नावाने खोटे मेसेज फार फिरताहेत. त्यात एक फाइल असते, नाव 'आरटीओ चलान' असे काहीतरी. ती उघडली की मोबाइलमध्ये बाहेरचा प्रोग्रॅम बसतो आणि बँकेचे खाते साफ होते. सरकार फाइल पाठवून दंड मागत नाही. खरे चलान परिवहन विभागाच्या किंवा वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून स्वतः बघता येते. आपल्याला जमत नसेल तर शाळेतल्या पोराला सांगा, पण मेसेजमधल्या दुव्यावर बोट लावू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

ट्रॉलीला नंबर आहे का?

आता आपल्या गावातल्या गाड्यांकडे वळू. ट्रॅक्टरला नंबर असतो, ट्रॉलीला नसतो. का, म्हणून विचारले तर उत्तर येते, 'तिला कुठे इंजिन आहे?' कायद्यात मात्र मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर घातला आहे. कलम २ मधील २८ वी व्याख्या बघा. म्हणजे ट्रॉलीची वेगळी नोंदणी हवी, वेगळा नंबर हवा आणि विम्यातही तिचा उल्लेख हवा. नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर आणले तर कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत दंड, आणि कलम २०७ प्रमाणे वाहन अडकवून ठेवता येते. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून ट्रॉली बांधून घेतली, पावती साध्या कागदावर, तिची नोंदणी आता कशी करायची, हा प्रश्न शेकडो शेतकऱ्यांचा आहे. ट्रॉली घेतानाच मंजूर नमुन्याची आणि कागद देणाऱ्या कारखानदाराकडून घ्यावी, हे सांगायला सोपे. पण ज्यांच्याकडे जुनी ट्रॉली आहे त्यांच्यासाठी परिवहन विभागाने तालुक्याच्या ठिकाणी नोंदणी शिबिरे घ्यावीत. लायसनसाठी शिबिरे होतात, तर ट्रॉलीसाठी का नकोत?

लायसनचेही तसेच. खिशात लायसन असते, पण ते मोटारसायकलचे. त्यावर ट्रॅक्टर चालवता येत नाही. हलक्या मोटार वाहनाचे लायसन असेल तर मात्र साडेसात हजार किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर त्यात बसतो, कारण व्याख्येतच ट्रॅक्टर आहे. मग ट्रॉली जोडली की लायसन कुचकामी होते का? सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले की नाही. ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असेल तर मागे ट्रेलर जोडल्याने तो रद्द ठरत नाही. हलक्या वाहनाच्या लायसनचा वाद त्यानंतरही विमा कंपन्यांनी चालू ठेवला. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. साडेसात हजार किलोच्या आतले वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, मालवाहू असले तरी. हा निकाल लक्षात ठेवा.

लायसनची मुदतही बघा. तिशीच्या आत काढलेले लायसन चाळिशीपर्यंत चालते. तीस ते पन्नास वयात काढले किंवा नूतनीकरण केले तर दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत, त्यानंतर पाच-पाच वर्षे. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. ट्रॅक्टरच्या नोंदणीला पंधरा वर्षे झाली असतील तर तिचेही पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. २००५-०६ साली घेतलेले किती ट्रॅक्टर तसेच चालू आहेत, हे तुम्हीच गावात मोजा.

विनालायसन चालवणाऱ्याला पाच हजार आणि चालवू देणाऱ्या मालकाला कलम १८० प्रमाणे वेगळे पाच हजार. पण सर्वांत कडक कलम पोरांचे आहे. पंधरा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो याचे आपल्याकडे कौतुक होते. नवीन कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. 'मला माहीत नव्हते' हे पालकाला सिद्ध करावे लागते. खळ्यावरून गोठ्यापर्यंतही तो गावरस्त्यावरूनच जातो, हे ध्यानात असू द्या.

वजन कुणाच्या डोक्यावर?

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांवर कारवाई होते आणि त्यावर दोन्ही बाजूंनी ओरड होते. अपघात झाला की गाव म्हणते, ओव्हरलोड ट्रॉल्या बंद करा. कारवाई झाली की तेच गाव म्हणते, शेतकऱ्याला छळतात. दोन्ही खरे आहे, आणि दोन्हींच्या मधली गोष्ट कुणी बोलत नाही.

कायदा असा आहे. आरसी बुकात जे एकूण वजन लिहिलेले असते त्याहून जास्त भरले तर कलम १९४ प्रमाणे वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. चार टन जास्त भरला तर अठ्ठावीस हजार झाले. माल बाहेर लोंबत असेल, म्हणजे ऊस, कडबा, चारा बाजूने, मागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला असेल, तर त्याचे वेगळे वीस हजार. जादा माल उतरवून ठेवण्याचा खर्चही त्याच्याच अंगावर. ही रक्कम मोठ्या मालट्रकचा विचार करून ठरवलेली दिसते. कर्जावर ट्रॅक्टर घेतलेल्या पोराला ती एका फटक्यात हप्त्याबाहेर काढते.

पण तो जास्त का भरतो? वाहतुकीचा दर टनावर आहे. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. कारखान्याच्या दारात दोन-दोन दिवस रांगेत उभे राहावे लागते, म्हणून खेपा कमी होतात आणि खेपा कमी झाल्या की एकेका खेपेत जास्त भरणे भाग पडते. रांग नसती तर एवढे कुणी भरले नसते.

आता कलमाचे शब्द नीट वाचा. जो 'चालवतो, चालवायला लावतो किंवा चालवू देतो' त्या सर्वांना ते लागू आहे. 'चालवायला लावतो' यात वाहतूक कंत्राटदार बसतो का, कारखान्याची शेती कचेरी बसते का, हे न्यायालयाने ठरवावे. पण चलान फाडताना पहिलाच शब्द वाचला जातो आणि उरलेले दोन तसेच राहतात. प्रत्येक ट्रॉलीचे वजन कारखान्याच्या काट्यावर किलोपर्यंत मोजले जाते, त्याची पावती निघते, ती संगणकात जाते. ट्रॉलीची क्षमता आरसी बुकात लिहिलेली असते. दोन आकडे शेजारी ठेवले की कोणत्या कारखान्यात रोज किती ट्रॉल्या ओव्हरलोड येतात हे कळेल. त्यासाठी रात्री दहा वाजता रस्त्यावर टॉर्च घेऊन उभे राहावे लागणार नाही. परिवहन विभागाला खरेच अपघात कमी करायचे असतील तर त्याने काट्यावर जावे. माझे मत स्पष्ट आहे. जास्त भरणाऱ्याला दंड व्हावा, पण मोजून घेणाऱ्याला सोडून नव्हे.

मागच्या बाजूचे दिवे आणि रिफ्लेक्टर ही मात्र पूर्णपणे आपली जबाबदारी. लाल पट्टी शे-दोनशे रुपयांत येते. अंधारात बंद पडलेल्या ट्रॉलीमागे मोटारसायकलवरचा कुणी गेला तर तो बहुधा शेजारच्याच गावचा असतो.

विमा, मुरूम आणि सातबारा

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा स्वस्त असतो, कारण पॉलिसीवर 'फक्त शेतीकामासाठी' असे लिहिलेले असते. नियमावलीत शेतीचा ट्रॅक्टर हे मालवाहतुकीचे वाहन धरलेले नाही. ते शेतातली अवजारे ओढायला आणि शेतीचे सामान वाहायला आहे. पण मोकळ्या दिवसांत आपण त्यातच वीट, मुरूम, वाळू वाहतो. वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाल्याचे एक प्रकरण २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने सांगितले, हे शेतीकाम नव्हे, विमा कंपनीची जबाबदारी नाही. मजूर गरीब म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत असा खास आदेश झाला, पण ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊन.

'मालकाकडून वसूल' याचा अर्थ तलाठी-ग्रामसेवक मंडळींनी (पदांची नावे आता बदलली, माणसे तीच आहेत) लोकांना समजावून सांगायला हवा. मोटार अपघात न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम दिली नाही तर कलम १७४ प्रमाणे दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजे मुरमाच्या एका खेपेचा अपघात थेट सातबारावर येऊ शकतो. तेव्हा ट्रॉलीत बायामाणसे भरून लग्नाला, जत्रेला नेण्याआधी हे आठवा. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कुणी बसू नये असा नियम आहे, मडगार्डवर तर नाहीच. अपघात झाला तर कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, माणूस कुठे बसला होता?

भाड्याने दुसऱ्याचा ऊस किंवा कांदा वाहणारांनी आपली पॉलिसी काढून वापराचे कलम वाचून घ्यावे. इंग्रजीत असेल तर एजंटाकडून लिहून मागावे. तोंडी 'सगळं चालतं हो' याला न्यायाधिकरणात किंमत नाही. मुरूम-वाळूच्या विनापरवाना वाहतुकीला महसुली कायद्याचा वेगळा दंड आहे. ती गाडी तहसील कचेरीच्या आवारात उभी राहते, तिचा आणि वाहतुकीच्या चलानाचा संबंध नाही. एक भरले म्हणून दुसरे सुटत नाही.

विकलेली मोटारसायकल

जमीन विकली की आपण फेरफाराच्या मागे लागतो. गाडी विकली की किल्ली देतो, पैसे घेतो आणि विसरतो. आरसी बुक म्हणजे गाडीचा सातबारा आणि नाव बदलणे म्हणजे तिचा फेरफार, एवढे समजले तर पुरे. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. फॉर्म २९ आणि ३० यासाठी आहेत. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटाच्या हातात देऊन आलेले कितीतरी लोक आहेत, आणि गाडी चार हात फिरून कुठल्या जिल्ह्यात गेली त्यांना ठाऊक नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितले की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. मध्ये कितीही जणांना विकली असली तरी नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर. चलान तर येणारच. ज्यांनी गाडी विकून नाव बदललेले नाही त्यांनी निदान परिवहन कार्यालयाला विक्रीची लेखी खबर देऊन पोच घ्यावी, आणि ज्याला विकली त्याचा पत्ता शोधावा. कर्ज फिटले असेल तर आरसी बुकावरचा बँकेचा बोजाही उतरवून घ्यावा.

नोंदणीतला मोबाइल नंबर हाही असाच छोटा वाटणारा विषय. गाडी घेताना विक्रेत्याने स्वतःचा किंवा मेहुण्याचा नंबर टाकलेला असतो. चलाने त्या नंबरावर जातात, आपल्याला दोन वर्षांनी कळते, तोवर पाच झालेली असतात. थकीत चलान असेल तर नाव बदलणे, बोजा उतरवणे ही कामे अडतात. नंबर संकेतस्थळावर बदलता येतो.

नव्या प्रकारच्या नंबरप्लेटचेही विचारतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना राज्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणे सक्तीचे केले आणि मुदत अनेकदा वाढवली. ठरवलेला दर दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि इतरांना ७४५, वर जीएसटी. यापेक्षा जास्त मागणारा किंवा भलत्या संकेतस्थळावर पैसे भरायला लावणारा ठग समजावा.

राहिला रस्त्यावरचा प्रसंग. गणवेशातल्या पोलिसाने लायसन मागितले तर दाखवणे बंधनकारक आहे. ते डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असेल तर मोबाइलवर दाखवलेले चालते. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमातच तसे आहे. मात्र आरसी बुकाचा नुसता फोटो काढून ठेवलेला चालत नाही, हा घोळ फार जण करतात. लायसन नाही, नोंदणी नाही किंवा परवाना लागणाऱ्या गाडीला परवाना नाही, अशा कारणांसाठी गाडी अडकवता येते. लायसन जप्त केले तर त्याची पोच देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि त्या पोचेवर तुम्हाला ठरलेल्या मुदतीपर्यंत गाडी चालवता येते. ती मागून घ्या. गाडीची किल्ली काढून घेण्याची तरतूद मला कायद्यात कुठे आढळली नाही, पण त्यावरून रस्त्यात हात धरू नका. अधिकाऱ्याचे नाव, वेळ आणि ठिकाण लिहून वरिष्ठांकडे अर्ज द्या. दारू पिऊन चालवल्याच्या गुन्ह्यात मात्र रस्त्यावर काही मिटत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर मद्य आढळले की पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. तिथे 'कमी-जास्त करून सोडा' म्हणणारा आणि सोडणारा, दोघेही गुन्हेगार.

ग्रामपंचायतीच्या फलकावर पुढच्या लोकअदालतीची तारीख लावायला कुणाची मंजुरी लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत ट्रॉलीच्या नोंदणी शिबिराचा ठराव घेऊन तो परिवहन कार्यालयाला पाठवला तर त्याची एक प्रत आमच्या पंचायत समितीच्या कृषी विभागातही द्यावी.